जहाज बंदराला लागल्यावर: किनाऱ्यावरच्या सहली बजेटमध्ये कशा आखाव्यात

क्रूझच्या तिकिटात केबिन येते, दोन्ही वेळचं जेवण येतं, रात्रीचे शो येतात. बंदरावर उतरून फिरणं त्यात येत नाही. सात रात्रींच्या प्रवासात चार बंदरं असली आणि चारही ठिकाणी चौघांच्या कुटुंबाने जहाज कंपनीची सहल घेतली, तर सोळा तिकिटं होतात. बुकिंग करताना हा आकडा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो. तो दिसतो शेवटच्या रात्री, केबिनच्या बिलावर.

यावर सगळ्या सहली स्वतःच करायच्या, हा काही उपाय नाही. काही बंदरांत जवळजवळ फुकटात झकास दिवस जातो, तर काही ठिकाणी कंपनीची महागडी वाटणारी सहलच शेवटी स्वस्त पडते. ते ठरतं दोन गोष्टींवर: धक्क्यापासून बघायची जागा किती लांब आहे, आणि परतताना काही बिनसलं तर हातात किती वेळ उरतो. म्हणून सहलींची यादी नंतर उघडा; आधी नकाशा आणि वेळापत्रक घेऊन बसा.

कंसातलं नाव वाचा

कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या अक्षरांत 'रोम' आणि शेजारी कंसात 'चिवितावेक्किया' लिहिलेलं असतं. जहाज लागतं ते कंसातल्या गावाला, आणि तिथून रोम ७० किलोमीटरच्या वर आहे. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून आगगाडीने सव्वा ते दीड तास. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, साधारण २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, जायला तीन तास आणि यायला तीन तास. 'बँकॉक' म्हणजे बहुतेक वेळा लेम चाबांग, रस्त्याने सुमारे दोन तास, आणि शहराच्या वाहतुकीत सापडलात तर त्याहून जास्त.

उलट काही बंदरं अशी आहेत की जहाजातून उतरलं की आपण थेट गावात. मॉन्टेनेग्रोमधल्या कोतोरला जुन्या शहराची वेस धक्क्यासमोरच आहे. माल्टाच्या व्हॅलेटाला धक्क्याजवळून लिफ्टने वर गेलं की अप्पर बराक्का बाग आणि तिथून सगळं शहर पायी. ऱ्होड्स, स्प्लिट, कादिझ, बर्गन, सॅन हुआन, सगळीकडे तेच. इथे बसमधून फिरवणाऱ्या 'सिटी टूर'ला पैसे देण्यात फारसा अर्थ नसतो. जुन्या शहरांच्या गल्ल्यांत बस मुळात शिरतच नाही, ती तुम्हाला वेशीबाहेर सोडते आणि पुढे चालायचं तर तुम्हालाच.

प्रत्येक बंदरासाठी चार गोष्टी लिहून काढा: जहाज नेमकं कुठल्या टर्मिनलला लागणार, तिथून बंदराचं फाटक किती लांब, फाटकाबाहेर काय मिळतं, आणि बघायची जागा किती लांब. टर्मिनलचं नाव महत्त्वाचं आहे, कारण एकाच शहरात दोन-तीन धक्के असतात. डुब्रोवनिकला जहाजं ग्रुझ बंदराला लागतात. जुनं शहर तिथून ३ किलोमीटरवर. नकाशावर नुसतं शहराचं नाव टाकून अंतर बघणारा माणूस इथे पहिल्या अर्ध्या तासातच फसतो. मालवाहू बंदरांत तर फाटकापर्यंत चालायला परवानगीच नसते आणि शटल बस घ्यावीच लागते. ती कुठे फुकट असते, कुठे माणशी पैसे लागतात. चौघांचं जाऊन-येऊन शटलभाडं कधी कधी टॅक्सीपेक्षा जास्त होतं, हे आधीच तपासा.

बंदरांची वेळापत्रकं इंटरनेटवर खुली असतात, क्रूझमॅपरसारख्या साइटवरही दिसतात. तुमच्या तारखेला आणखी किती जहाजं लागणार आहेत ते बघून ठेवा. छोट्या गावात एका दिवशी चार मोठी जहाजं आली की टॅक्सी मिळत नाही, बस भरून जातात आणि भाव चढतात. अशा दिवशी एक तर आधी बुकिंग करा, नाहीतर गर्दीच्या उलट्या दिशेने फिरा.

हातात तास किती उरतात

'मुक्काम सकाळी ७ ते संध्याकाळी ७' असं वाचलं की बारा तास मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात जहाज लागल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी येते, मग गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायचा जिना, उघडतो. यात अर्धा-पाऊण तास जातो. संध्याकाळी जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी, काही ठिकाणी तासभर आधी, सगळ्यांनी परत यायचं असतं. ही 'ऑल अबोर्ड'ची वेळ. हिशेब करायचा तो हिच्यापासून उलटा.

रोमचंच उदाहरण घेऊ. जहाज ७ ला लागलं, ऑल अबोर्ड साडेसहाला. पावणेआठला पाय जमिनीवर. बंदराची शटल, मग स्टेशनपर्यंत चाल, तिकीट आणि गाडीची वाट: ५० ते ५५ मिनिटं. सान पिएत्रो स्टेशनापर्यंत साधारण तासभर. म्हणजे रोममध्ये तुम्ही ९:४० च्या सुमाराला. आता उलट चला. गाडी रद्द झाली, संप निघाला, रांग लांबली, यांसाठी ९० मिनिटं राखून ठेवली तर पाचपर्यंत जहाजाशी पोहोचायला हवं. स्टेशन ते जहाज ४० मिनिटं, गाडीचा तास, फलाटावर पंधरा मिनिटं आधी. रोममधलं फिरणं तीनच्या सुमाराला आटपायला लागतं. साडेअकरा तासांतले पाच तास वीस मिनिटं खरे तुमचे.

एवढ्या वेळात सेंट पीटर्स आणि तिथून चालत पँथिऑनपर्यंतचा भाग आरामात होतो. व्हॅटिकन संग्रहालय आणि कलोसियम दोन्ही बसवायला गेलात तर दिवस रांगांत जाईल. एक निवडा, त्याचं वेळेचं तिकीट आधी काढा आणि वारही बघा: व्हॅटिकन संग्रहालय महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं. फ्लॉरेन्सचं उफिझी कलादालन सोमवारी, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी, इस्तंबूलचा तोपकापी राजवाडाही मंगळवारी बंद. तिथला ग्रँड बाजार रविवारी बंद. सहलीचं वेळापत्रक जहाज ठरवतं, वार तुमच्या हातात नसतो, म्हणून आधी हे.

हाच हिशेब ल हाव्रहून पॅरिसचा मांडला तर शहरात साडेतीन तासही उरत नाहीत, प्रवासात मात्र सहा तास जातात. आमचा साधा निकष असा: जागेवर मिळणारा वेळ जाण्या-येण्याच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर ते ठिकाण सोडून द्या. बंदराच्या जवळ काय आहे ते शोधा. ल हाव्र हे वास्तुविशारद ओग्युस्त पेरेने दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने उभारलेलं शहर आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि जवळच ओंफ्लरचं जुनं बंदर आणि एत्रताचे कडे आहेत. लिव्होर्नोहून पिसा आगगाडीने वीस मिनिटांच्या आत. चिवितावेक्कियाहून तार्क्विनियाची एत्रुस्कन थडगी रोमपेक्षा कितीतरी जवळ. खर्च निम्म्याहून कमी आणि दिवसभर घड्याळाकडे बघत धावणं नाही.

टेंडर बोट असेल तर गणित बदलतं

काही ठिकाणी धक्का नसतो, किंवा असला तरी मोठ्या जहाजाला पुरत नाही. जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींतून लोकांना किनाऱ्यावर नेतात. सँटोरिनी, ग्रँड केमन, व्हिलफ्रांश ही अशी बंदरं. कार्यक्रमपत्रिकेत 'टेंडर' किंवा 'नांगर' असा शब्द दिसला की जाता-येता प्रत्येकी किमान तासभर वजा करा. कंपनीच्या सहलीवाल्यांना पहिल्या बोटी मिळतात. बाकीच्यांनी टोकन घेऊन नंबर येईपर्यंत थांबायचं. म्हणून बाहेरच्या गाइडला अशा बंदरात सकाळी ८ ची वेळ कधीच देऊ नका. आणि लाटा उसळल्या तर टेंडर बंदच होतात, बंदर रद्द. बाहेर भरलेले पैसे परत मिळणार का, हा प्रश्न टेंडरच्या बंदरात सगळ्यात जास्त वेळा उपस्थित होतो.

सँटोरिनीत आणखी एक गोम आहे. स्वतंत्र फिरणाऱ्यांची बोट 'फिरा' या गावाच्या कड्याखालच्या जुन्या बंदरात लागते. वर जायला केबल कार, नाहीतर सहाशेच्या जवळपास पायऱ्या. सकाळची रांग दिसते, म्हणून लोक तिचा हिशेब धरतात. दुपारी सगळ्या जहाजांचे लोक एकदम खाली यायला निघतात, ती रांग कोणी धरत नाही आणि ती तासभराच्याही वर जाऊ शकते. २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा आली असली, तरी ८,००० माणसं एका केबल कारला काही कमी नाहीत. गुडघे ठीक असतील तर वर जाताना केबल कार आणि उतरताना पायऱ्या, हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. पायऱ्यांवर गाढवांची ये-जा असते आणि दगड गुळगुळीत झालेले आहेत, तेव्हा पकड असलेले बूट हवेत.

जहाजाची सहल: पैसे कशाचे

कंपनीची सहल महाग असते, हे खरं. त्या पैशांत गाइड आणि बस तर येतेच, पण मुख्य म्हणजे एक हमी येते: बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर कंपनी स्वतःच्या खर्चाने तुम्हाला पुढच्या बंदराला पोहोचवते. आणि बंदर रद्द झालं तर पैसे आपोआप परत. ही हमी जिथे खरोखर उपयोगाची आहे तिथेच विकत घ्या. ठिकाण दीड तासापेक्षा लांब आहे. तिथे जायला एकच रस्ता किंवा दिवसात मोजक्याच गाड्या आहेत. टेंडरचं बंदर आहे आणि वेळ कमी आहे. पुढचं बंदर दुसऱ्या देशात आहे आणि तिथे जायला वेगळा व्हिसा लागेल. यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की बेलाशक कंपनीची सहल घ्या.

यादीत तळाशी एक प्रकार असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: 'फक्त बस', किंवा 'ऑन युवर ओन'. कंपनीची बस तुम्हाला शहरात सोडते, चार-पाच तासांनी तिथूनच उचलते; मधल्या वेळेत गाइड नाही, जेवण नाही, काही नाही. पूर्ण सहलीपेक्षा ही बरीच स्वस्त असते आणि जहाज थांबण्याची हमी तीच. लांबच्या शहरांसाठी बजेटवाल्यांनी आधी हीच शोधावी.

वर्णन वाचताना क्रियापदांकडे लक्ष ठेवा. 'भेट' म्हणजे आत जाणार. 'दर्शन' किंवा 'बघाल' म्हणजे बाहेरून. 'पॅनोरॅमिक' म्हणजे बसच्या काचेतून. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, त्यात चाळीस-पन्नास माणसं उतरणार आणि पुन्हा चढणार. 'स्थानिक हस्तकलेची ओळख' असं लिहिलं असेल तर ते दुकान आहे, आणि त्याचा पाऊण तास धरा. सहलीचा कालावधी सहा तास लिहिला असेल तर बसप्रवास त्यातच येतो. प्रवेश तिकीट धरलंय का, जेवण आहे का, चालणं किती, हे बारीक अक्षरांत असतं. या वजाबाकीनंतर मुख्य ठिकाणी किती मिनिटं उरतात ते काढा. अनेकदा उत्तर ५० मिनिटं येतं, आणि मग ती सहल आपोआप यादीतून जाते.

काही सहलींत कंपनी मध्यस्थ म्हणून फक्त तिकीट विकत असते. नॉर्वेतल्या फ्लोमहून मिर्दालपर्यंत चढणारी २० किलोमीटरची रेल्वे असो, वा अलास्कातल्या स्कॅग्वेची व्हाइट पास रेल्वे, गाडी एकच. तिकीट रेल्वेकडून थेट काढता येतं. स्टेशन धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ असेल तर थेट तिकिटात धोका कमी. फक्त दिवस ठरल्यावर लगेच काढा, कारण जहाजांच्या दिवशी जागा आधी संपतात.

बाहेरचा गाइड, व्हॅन, टॅक्सी

इथे बचत सगळ्यात जास्त, आणि चुकाही. मूळ मुद्दा असा की कंपनी माणशी पैसे घेते, गाडीवाला गाडीचे घेतो. समजा कंपनीची सहल माणशी १०० आहे. दिवसभराची टॅक्सी गाडीमागे १८० आणि प्रवेश तिकीट माणशी २०. चौघांना कंपनीकडे ४००, टॅक्सीने २६०. दोघांना कंपनीकडे २००, टॅक्सीने २२०. एकट्याला १०० विरुद्ध २००. म्हणजे तीनपासून पुढे गाडी फायद्याची. एकट्या-दुकट्याने कंपनीची बस, सार्वजनिक वाहन किंवा त्याच जहाजाने जाणाऱ्यांच्या ऑनलाइन गटातून जुळवलेली व्हॅन धरावी. व्हॅन वाटून घेताना एक काळजी: पैसे प्रत्येकाने थेट गाडीवाल्याला द्यावेत आणि कोणी ऐनवेळी गळला तर उरलेल्यांनी किती द्यायचे ते आधी लेखी ठरवावं. नाहीतर सकाळी धक्क्यावर सहाजणांच्या जागी चौघं उभे असतात आणि पहिला तास वादावादीत जातो.

बुकिंगआधी गाइडला एवढं लेखी विचारा:

- जहाज बंदराला लागलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतात का? (हवामानामुळे सहल रद्द होणं आणि बंदर रद्द होणं या दोन वेगळ्या अटी असतात.)
- आगाऊ किती, उरलेले कधी, कोणत्या चलनात, कार्ड चालतं का?
- भेटायची नेमकी जागा कोणती: गँगवेखाली, टर्मिनलच्या दारात, की बंदराच्या फाटकाबाहेर? अनेक बंदरांत बाहेरच्या गाड्यांना आत सोडत नाहीत.
- सांगितलेली वेळ जहाजाची की गावाची?
- 'वेळेत परत आणण्याची हमी' म्हणजे नेमकं काय? पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च देणार, की नुसती दिलगिरी?

धक्क्यावरच टॅक्सी करायची असेल तर फाटकाबाहेरच्या अधिकृत थांब्यावर जा. गँगवेपाशी आवाज देणाऱ्यापेक्षा तिथला भाव बहुधा कमी असतो. भाव ठरवताना चार शब्द उच्चारून घ्या: गाडीचा की माणशी, एका बाजूचा की जाऊन-येऊन, थांबण्याचे वेगळे का, आणि चलन कोणतं. शेवटच्या शब्दावर गल्लत फार होते. 'पन्नास' म्हटलं, पण पन्नास काय? आकडा फोनवर टाइप करून दाखवा. पैसे परत धक्क्यावर आल्यावरच द्या आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा.

टॅक्सी कशी वापरायची याचा नमुना म्हणून तुर्कस्तानातलं प्राचीन शहर इफेसस घ्या. कुशादासी बंदरापासून ते साधारण २० किलोमीटरवर. अवशेषांना दोन दारं आहेत, एक वर, एक खाली, आणि मधला संगमरवरी रस्ता उताराचा. टॅक्सीवाल्याशी वरच्या दाराला सोडून खालच्या दाराला उचलायचं ठरवा. उतरत उतरत दीड-दोन तासांत सेल्सस ग्रंथालय आणि मोठं रंगमंदिर, दोन्ही होतात. हे न ठरवता खालच्या दाराने शिरलात तर भर उन्हात चढायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. टॅक्सी नको असेल तर सेल्चुककडे जाणारी मिनीबस फाट्यावर सोडते, पुढे थोडं चालून खालचं दार लागतं. अगदी स्वस्त, पण मग चढ वाट्याला आलाच. आतल्या टेरेस हाउसेसचं, म्हणजे उतारावरच्या जुन्या रोमन घरांचं, तिकीट वेगळं असतं, ते हिशेबात धरा.

'हॉप-ऑन हॉप-ऑफ', म्हणजे एकाच तिकिटावर हव्या त्या थांब्यावर चढा-उतरायच्या पर्यटक बसबद्दल थोडक्यात: शहर पसरलेलं असेल तर ठीक, पण एक पूर्ण फेरी दीड-दोन तासांची असते आणि जहाजांच्या दिवशी मधल्या थांब्यांवर बस भरलेलीच येते. शहराच्या साध्या बसचा दिवसाचा पास बहुतेक ठिकाणी त्याच्या काही हिश्श्यात मिळतो. जिथे लोकल गाडी थेट जाते तिथे तर प्रश्नच नाही: व्हिलफ्रांशचं स्टेशन टेंडरच्या धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि नीस तिथून दहा मिनिटांच्या आत. नेपल्सहून पोम्पेईला चिर्कुमव्हेझुव्हियाना गाडी पाऊण तासाच्या आत नेते आणि अवशेषांच्या दारासमोर सोडते. फक्त गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

बजेट कसं वाटायचं

सगळ्या बंदरांना सारखे पैसे वाटणं ही सगळ्यात सामान्य चूक. चार बंदरं असतील तर एकूण रकमेचे १०० भाग धरा. एकाच बंदरावर, जे पुन्हा कधी बघायला मिळणार नाही असं वाटतं तिथे, ४५ भाग टाका. दुसऱ्या एका बंदरात व्हॅन किंवा टॅक्सी, २५. तिसऱ्यात लोकल गाडी आणि एखादं प्रवेश तिकीट, १०. चौथ्यात नुसतं पायी, त्याला शून्य. उरलेले २० हात लावायचे नाहीत: शटल, पाणी, स्वच्छतागृहाची नाणी, सामानाचं लॉकर, टिप आणि गाडी चुकली तर धावत करायची टॅक्सी यांतून जाईल. हे २० भाग बाजूला न ठेवणारेच शेवटच्या बंदरात जहाजावर बसून राहतात.

जहाज गावातच लागलं असेल तर दुपारी जेवायला जहाजावर या. त्याचे पैसे आधीच दिलेले आहेत, आणि त्या वेळी जहाज रिकामं असतं. धक्का लांब असेल तर हा मोह टाळा, जाण्या-येण्यातच दुपार जाते.

कार्ड वापरताना यंत्र 'तुमच्या चलनात की स्थानिक चलनात' असं विचारतं. दर वेळी स्थानिक निवडा. तुमच्या चलनातला दर दुकानदाराच्या बँकेने लावलेला असतो आणि तो जवळजवळ नेहमी वाईट असतो. फोन जहाजावर असेपर्यंत फ्लाइट मोडवरच हवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं, नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही, आणि एका व्हिडिओचं बिल एखाद्या सहलीएवढं येऊ शकतं.

बुकिंगचा क्रम

क्रूझ ठरली की पहिल्या आठवड्यात व्हिसा बघा. जहाजाने दोन तास थांबा घेतला तरी देश वेगळा, आणि नियम तुमच्या पासपोर्टवर ठरतात. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावाल्यांसाठी एक नेमका सापळा: ग्रीसहून शेंगेनबाहेरच्या कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला आलात तर तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जहाजावर चढतानाच अडवतील.

त्यानंतर मर्यादित जागांची तिकिटं: रेल्वे, वेळेची प्रवेश तिकिटं. मग कंपनीच्या ज्या एक-दोन सहली घ्यायच्या त्या प्रवासाआधीच ऑनलाइन घ्या. जहाजावर चढल्यावर भाव सहसा वर जातो. पुष्कळ कंपन्यांत ठरलेल्या मुदतीपर्यंत रद्द करता येतं, म्हणून दर आठवड्याला भाव बघत राहा. उतरला तर जुनं रद्द करून नव्याने घ्या. मुदत प्रत्येक सहलीला वेगळी असते, हेलिकॉप्टर किंवा रात्रीच्या मुक्कामाच्या सहलींना जास्तच कडक. बुकिंगबरोबर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला कंपनीने दिलेली रक्कम, मिळालं असेल तर ते दुकानात किंवा स्पामध्ये न घालवता त्या ४५ भागांच्या सहलीला लावा. सुटायच्या आदल्या दिवशी सहलींच्या डेस्कवर उरलेल्या जागा स्वस्तात मिळतात कधी कधी; त्यावर बेत मात्र रचू नका.

त्या दिवशी

आदल्या रात्री केबिनमध्ये दिवसाचं पत्रक येतं. त्याचा फोटो काढा, कारण ऑल अबोर्डची वेळ, टेंडरची शेवटची बोट आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर त्यावर असतो. बॅगेत केबिन कार्ड, फोटो ओळखपत्र, पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत, एक कार्ड, थोडी स्थानिक रोकड, एका दिवसाची जास्तीची औषधं, पॉवरबँक आणि ऑफलाइन नकाशा, ज्यात जहाजाची जागा खूण करून ठेवली आहे. पाण्याच्या बाटल्या जहाजावरच भरून घ्या. खाण्याचं मात्र सांभाळून: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बुफेतलं केळं किंवा सँडविच खिशात घेऊन उतरलात तर जबर दंड होतो.

आता घड्याळ. जहाज बऱ्याचदा स्वतःची वेळ बदलत नाही. फ्लोरिडाहून उन्हाळ्यात निघालेलं जहाज मेक्सिकोच्या कोझुमेलला लागतं तेव्हा गावाचं घड्याळ जहाजाच्या एक तास मागे असतं, कारण किंताना रो प्रांत उन्हाळी वेळ पाळत नाही. किनाऱ्यावर उतरताच फोन आपोआप गावाची वेळ धरतो. ऑल अबोर्ड साडेचार, फोनवर साडेतीन, म्हणून तुम्ही निवांत सरबत मागवता. जहाजावर त्या क्षणी साडेचार वाजलेले असतात. धक्क्यावरून धावत सुटणाऱ्यांत असे लोक पुष्कळ असतात. उपाय सोपा: एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याला दिवसभर हात लावू नका.

दिवस आखताना लांबचं ठिकाण आधी, जवळचं नंतर. दुपारनंतर जहाजापासून दूर जाणारं कुठलंही वाहन पकडू नका. बाजारहाट धक्क्याजवळ शेवटी करा, ती आटोपती घेता येते.

जहाज चुकलंच तर

धक्क्यावर उभं राहून हात हलवण्यात वेळ घालवू नका. आधी एजंटला फोन करा. जहाजाशी त्याचा थेट संपर्क असतो. वेळेवर न आलेल्या प्रवाशाच्या केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटकडे देण्याची पद्धत अनेक जहाजांवर आहे, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत एकत्र, समोरच ठेवलेले बरे. मग पुढचं बंदर कुठलं, तिथे रस्त्याने, आगगाडीने की विमानाने जायचं, आणि त्या देशात जमिनीमार्गे शिरायला तुमचा व्हिसा चालतो का, हे एजंटकडूनच विचारून घ्या. जहाजातून दिवसापुरतं उतरण्याची सवलत विमानतळावर लागू होईलच असं नाही. कंपनीच्या सहलीवर नसाल तर हा सगळा खर्च तुमचा. प्रवास विमा घेताना जहाज चुकल्यावर पुढचं बंदर गाठण्याचा खर्च त्यात धरला आहे का, आणि उशीर नेमका कशामुळे झाला तर ते पैसे देतात, हे वाचून घ्या. गाडी बंद पडल्याचा किंवा रेल्वे रद्द झाल्याचा लेखी दाखला नसेल तर दावा अडतो, तेव्हा तो दाखला त्याच स्टेशनवर, त्याच दिवशी मागून घ्या.